चोविसावा फेडर

सोमवार
हा स्टुडिओ मला फुकटात पडला, असं धाकटा भाऊ सगळ्यांना सांगत फिरतो. खरी किंमत लिहून ठेवतो: दुसऱ्यांच्या वायरी गुंडाळण्यात गेलेली एकोणीस वर्षं, एक गुडघा, आणि बायको माझ्याशी बोलली नाही तो अख्खा उन्हाळा.
बँड मात्र आयता मिळाला. पोरं मेटल रॉक वाजवतात, तेही असं की भिंतीवरचं घड्याळ सरकतं. पहिलाच अल्बम. निम्मा झाला आणि जुना साउंड इंजिनियर, ज्याला ही पोरं आजोबा म्हणत, याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. उरलेला मी पुरा करायचा. माझ्या कानांची ओळख पटावी म्हणून ड्रमरची काडेपेटी कानाशी हलवली आणि सांगितलं, एकोणतीस काड्या. मोजल्या. एकोणतीस. पोरं गार.

मंगळवार
मिक्सरवर आजोबांची कागदी चिकटपट्टी आहे. प्रत्येक फेडरखाली, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खटक्याखाली, शिसपेन्सिलीने लिहिलंय: ड्रम, बेस, गिटार, पोरगी. चोविसाव्याखाली नुसती रेघ. त्याला वायरही जोडलेली नाही. आमच्या धंद्यात काम पुरं होईतो दुसऱ्याची पट्टी कोणी काढत नाही.
गाणारी पोरगी एरवी इतकी हळू बोलते की पाणी मागितलं तरी कळत नाही. माइकसमोर मात्र पत्रा फाडल्यासारखी ओरडते. आजोबा असते तर हे त्यांनी कसं ऐकलं असतं, ते तिने तीनदा सांगितलं. मी म्हटलं, बाई गं, आता काकाच्या कानांवर भागव. हसली. तोंडदेखलं.

बुधवार
पट्टी सोलून काढली, माझी लावली. मेलेल्या माणसाशी कसली स्पर्धा, पण जळतं ते जळतंच.

गुरुवार
सकाळी येऊन ऐकतो तर तिसरं गाणं बदललेलं. गिटारींनी मध्ये खड्डा खणलाय आणि त्यातून तिची किंकाळी वर येतेय. मला हे सात जन्मांत सुचलं नसतं. पोरगी ऐकताना रडली. तुम्ही केलंत का काका, विचारलं. मी म्हटलं, बसलो होतो जरा.
दुपारपासून ड्रमच्या झांजा बोथट वाटतायत. सर्दी असेल.

शनिवार
पाचवंही तसंच झालंय. तेही माझंच म्हणालो. किटलीची शिट्टी ऐकूच आली नाही; पाणी आटून गेलं.
चोविसाव्याचा आवाज दाखवणारा काटा हलतोय, वायर नसूनही. फेडर वर केला, हेडफोन लावला — कोणीतरी श्वास रोखून ऐकतंय. ऐकणाऱ्या माणसाचा श्वास. मीही तसाच रोखतो.

सोमवार
कानाचे डॉक्टर म्हणाले, वरचे स्वर गेलेत, खालचेही जायला निघालेत. कारण त्यांना सांगता येईना. मला येतं. आजोबांचं काम जेवढं मी माझं म्हणतो, तेवढे माझे कान तो —
जुनी पट्टी केराच्या टोपलीतून काढली. चिकटत नाही.

मंगळवार
ड्रमरने कागदावर लिहून विचारलं, कव्हरवर इंजिनियर म्हणून नाव कोणाचं? खरं लिहिलं असतं तर कदाचित — पोरगी माझ्या हाताकडे बघत होती. तिला कोणाचं हवं होतं ते दिसत होतं. म्हणूनच माझं लिहिलं. ठळक.

बुधवार
अल्बम पुरा. पोरं नाचतायत. ओठ दिसतात — ड्रम छातीत लागतो, कानात नाही. पोरीने लिहून दाखवलं: शेवटच्या गाण्यामागे कोणीतरी हसतंय काका, छान वाटतं, राहू दे.
मी नाही — कोणी हसलंच नव्हतं —
ड्रमरची काडेपेटी इथेच पडलीय. कानाशी हलवली. रिकामी वाटली. चोविसाव्याचा काटा मात्र सतरा वेळा उडाला.
उघडून मोजल्या. सतरा काड्या.