ज्याच्याकडून गोष्ट घेतली त्याचं नाव

कॅरिगदू,
सोमवार, ८ नोव्हेंबर १९३७

प्रिय डिअरमिड,

देव आणि मेरीमाता तुझ्या पाठीशी असोत. तू हयात आहेस आणि अजून अमेरिकेत ब्यूटमध्येच आहेस, हे नेलच्या मुलाच्या पत्रातून कळलं. पत्ताही त्यानंच दिला. तो चुकला तर हे कुणा परक्याच्या हाती पडेल, या काळजीनं दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. आपली आयरिश भाषा लिहायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. म्हणून शाळेतल्या इंग्रजी अक्षरांतच आवाज जसा कानावर पडतो तसा मांडतोय. मोठ्यानं वाच, म्हणजे कळेल.

माझं बरं आहे म्हणायचं. छाती वाजते. बटाटे काढून झाले, पण खालच्या वाफ्यातले काळे पडलेत. बाकीच्यांना लागण होईल या धास्तीनं रोज साठवणीचा खड्डा उकरून बघतो. नेल म्हणते, "अहो टाइगदादा, सारखे उकरून बघता म्हणूनच सडतात ते!" नेल म्हणजे बांधापलीकडच्या कोनोरची धाकटी. तू गेलास तेव्हा रांगत होती, आता विधवा आहे. जिभेला मात्र तिच्या काही झालेलं नाही.

काल बाबांच्या नावाचा दगड बसवला. शाळेच्या भिंतीत. हो, त्याच शाळेच्या.

आताचे मास्तर तरुण आहेत, कॉर्क शहरातले. आपली भाषा पुस्तकातून शिकलेत आणि आपल्यापेक्षा जपून बोलतात. तीन हिवाळे माझ्या चुलीपाशी बसून त्यांनी बाबांच्या गोष्टी वहीत उतरवून घेतल्या. ज्या शाळेत आपली भाषा बोलली म्हणून छड्या बसायच्या, तिथं आता ती बोलणाऱ्या पोरांना बक्षीस मिळतं. दगडावर कोरलंय, 'कथेकरी मुरिश. यांनी घराघरांत भाषा जिवंत ठेवली.'

आपलं घर सोडून, असं कोरायला हवं होतं.

ती काठी तुला सांगायला नको. गळ्यात दोरीनं अडकवलेली. शाळेबाहेर आपल्या भाषेत बोललं की दर वेळी तिच्यावर एक खाच, आणि सकाळी शाळेत जितक्या खाचा तितक्या छड्या. त्या खाचा बाबा पाडत. तीन गावांचे लोक गोष्ट ऐकायला जमले की आपल्याला माळ्यावर पिटाळत. "पोरांच्या कानावर हे पडता कामा नये. इंग्रजी आली नाही तर अमेरिकेत गटारं खणतील." दुष्काळात त्यांनी दोन बहिणी पुरल्या होत्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. दुसऱ्या कुणी ठेवली तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

गेल्या आठवड्यात मास्तर आले. "टाइगकाका, रविवारी काळ्या बेटाच्या राजपुत्राची गोष्ट सांगा. डब्लिनचे पाहुणे लिहून घेतील. आणि शेवटी मुरिशबाबांचं नाव घ्या."

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. गोष्ट संपली की ती ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी देवाकडे मागायचं. भलत्याचं नाव घेतलं तर गोष्ट चोरलेली. तीन हिवाळे मी मास्तरांना प्रत्येक गोष्टीअखेर सांगत आलो, "बाबांकडून घेतली." कथेकऱ्याचा मुलगा, कोण शंका घेणार?

"नाव ज्याचं आहे त्याचंच घेईन," मी म्हणालो.

"म्हणजे मुरिशबाबांचंच ना?"

मी बटाट्यांचा विषय काढला.

नेलला मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग इतकी वर्षं तोंडात काय धरून बसला होतात?" पाद्रीबाबांसमोर, साऱ्या गावासमोर बोलायचं. मास्तरांचं मन मोडायचं. मेलेल्या बापाची शोभा करायची. छाती दुखते म्हणून घरीच राहावं, असंही मनात येऊन गेलं.

डिअरमिड, बाबांकडून मी एकही गोष्ट ऐकली नाही. माळ्यावर मी झोपून जायचो. तू फळीच्या फटीला कान लावून जागा राहायचास, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर मेंढ्यांमागे ती मला तुकड्यातुकड्यानं सांगायचास. बाबांच्या आवाजात, त्यांच्यासारखा हात वर करून.

वर लिहिलंय की खाचा बाबा पाडत. ते खरं नाही. खोडत नाही, राहू दे तिथंच. बाबांच्यानं ते करवेना, म्हणून मोठा मुलगा म्हणून त्यांनी चाकू माझ्या हाती दिला. तू गोष्ट सांगायचास आणि मी खाचा पाडायचो. कमी पाडल्या तर बाबांना संशय येईल आणि काठी माझ्या गळ्यात येईल, ही भीती. तुला मध्येच गप्प केलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. पण पुढं काय झालं ते मला हवं असायचं. राजपुत्र बेटावर उतरला त्या दिवशी सव्वीस पाडल्या. दुसऱ्या सकाळी तुझी ती दोन बोटं मोडली, आणि संध्याकाळी मी विचारलं, "मग पुढं?"

तू सांगितलंस.

काल दीड तास गोष्ट सांगितली. वारा सुटला होता, पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. अडखळलो नाही. राजपुत्र घरी परतला, आणि मी टोपी काढली. "ही गोष्ट मी माझ्या धाकट्या भावाकडून, डिअरमिडकडून घेतली. तिच्यासाठी त्यानं या शाळेत मार खाल्ला. त्या खाचा मी पाडल्या. देव त्याचं भलं करो."

मग मागून म्हातारा फिनिन ओरडला, "बापाच्या दगडापुढं बापाला खाली बघायला लावलंस, लाज नाही वाटत?"

"आधी स्वतःला खाली बघायला लावलंय," मी म्हणालो. "आणि फिनिन, तुझ्या भावांच्या खाचा कोणी पाडल्या ते सांगतोस का?"

फिनिन बसला. मास्तर पुढं आले. "काका, आता दगडाचं काय करायचं?"

"दगड तुमचा आहे, ठेवा नाहीतर काढा. वहीतली नावं मात्र आजच बदला. नाही बदललीत, तर माझ्या तोंडून यापुढं एक शब्द मिळणार नाही." डब्लिनच्या एका पाहुण्याची पेन्सिल थांबली होती. त्याला म्हटलं, "लिहा. डिअरमिड, मुरिशचा धाकटा."

परतताना नेल म्हणाली, "टोपी उलटी घातलीत हो तुम्ही."

"वारा होता," मी म्हणालो.

माझ्या दारावरून जाणाऱ्या कुणीही आज हाक मारली नाही. मास्तर मात्र दुपारी वह्या घेऊन आले. माझ्यादेखत सत्तेचाळीस गोष्टींखालचं बाबांचं नाव खोडून तुझं घातलं. खोडताना त्यांचा हात जड झाला होता. खाचा पाडताना माझा कधी झाला नाही.

तुझी माफी मागत नाही. ती मागायचा हक्क मला नाही, आणि तू द्यावीस अशी अपेक्षाही नाही. पण छाती चालते आहे तोवर कुणीही विचारो न विचारो, या गोष्टी मी तुझ्याच नावानं सांगणार. पटत नसेल, तर समुद्र ओलांडून ये आणि मला गप्प कर.

तुझ्याकडून सगळं घेतलेला,
तुझा थोरला भाऊ,
टाइग