दुसरं पिंप

आई, तुझ्याशी मी एकदाच खोटं बोललो, आणि तेही खळ्यावर, भर दुपारी, तू ज्वारी उफणत असताना.

मुंबईहून रजेवर आलो होतो. येडशीला गाडीतून उतरून गावापर्यंत चालत आलो, पिशवीत कप. नौदलात लागून चार वर्षं झाली होती आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत मी पहिला आलो होतो. त्यावरच नौदलाच्या संघात निवड झाली होती. तू तिपाईवर उभी, वारं पडलेलं, ज्वारीची पाटी हातात तशीच धरून वाऱ्याची वाट बघत. शर्यत म्हटल्यावर तू विचारतेस, "बैलं कुनाची व्हती?" मला हसू येतं. बैल नसतात, वाऱ्यावर चालते होडी, असं सांगतो. "आन् वारं पडलं तर?" तर बसून राहायचं. "मग ही शर्यत कसली रं? ही तर उफननीच झाली." पुढं पुष्कळ जाणकार भेटले, पण आमच्या खेळाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नाही.

मग बढाई मारायची म्हणून मी नियम सांगितला. पाण्यात पिंपं तरंगत ठेवलेली असतात, त्यांना वळसा घालायचा. होडी पिंपाला घासली तर आपणहून शर्यतीतून बाहेर पडायचं. "कुनी बघितलंच न्हाय तर?" तरीही. तू पाटी खाली ठेवलीस. "लई चांगली शर्यत हाय मग," म्हणालीस, आणि मग, "तुजी कदी घासली का?" मी "न्हाय" म्हणालो.

घासली होती. त्याच शर्यतीत, दुसऱ्या पिंपाला, अगदी निसटती. होडीतल्या जोडीदारानं माझ्याकडं पाहिलं, मी शिडाकडं पाहिलं. माघार घेतली असती तर संघ हातचा गेला असता, आणि तेव्हा मला त्या संघापलीकडं काही दिसत नव्हतं. पण तू कप घेऊन गल्लीभर फिरलीस तेव्हा जिंकल्याचं बोलतच नव्हतीस. "ह्येच्या शर्यतीत लबाडी चालत न्हाय," एवढंच ज्याला त्याला सांगत होतीस. मला इतकी लाज वाटली की रजा संपायच्या आधीच निघालो.

नंतर बरीच वर्षं खेळलो, हरलो, जिंकलो. त्या कपानंतर दोन वर्षांनी एका मोठ्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढं होतो, आणि वळताना होडी पुन्हा पिंपाला घासली. याही वेळी कुणी पाहिलं नव्हतं. मी शर्यत सोडून सरळ किनाऱ्याला आलो. जोडीदार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुला कार्ड टाकलं, "होडी घासली, बाहेर पडलो," बस एवढंच. तुझं उत्तर आलं, तू बोललीस तसंच शाळेतल्या मास्तरांनी उतरवलेलं: "बरं केलंस. आता पोटभर जेव. कप आनलास तवा चार दिस धड जेवला न्हाईस."

तुला तेव्हाच सगळं कळलं होतं तर. आता तुला जाऊनही किती वर्षं झाली, हा कागद टाकायचा तरी कुठं? तुझ्या त्या उत्तरानंतरच्या रजेत घरी आलो, तुझ्या हातचं पोटभर जेवलो. सांगितलं मात्र नाही.