पाणवठ्यावरची पांढरी जागा

चि. वसंतास,

अनेक आशीर्वाद. सवयीने 'चि.' लिहून गेले आणि हात थांबला. गेलेल्या माणसाला चिरंजीव लिहितात का रे? पण धाकट्या भावाला दुसरं काय लिहायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. राहू दे तसंच.

पत्राला कारण तुझं शेवटचं चित्र. सातपुड्यातल्या पाल गावच्या जंगलातला तो पाणवठा. इथल्या वाचनालयाने ते मागितलंय, मोठ्या खोलीत कायमचं लावायला, खाली तुझं नाव घालून. उद्या न्यायला येणार आहेत. आणि चित्राच्या मधोमध, अगदी पाण्याच्या काठाला, एक पांढरी जागा आहे. कोरी! युसूफभाई म्हणतात, चित्र अर्धवट राहिलंय, तिथे चितळ यायचं होतं. वाचनालयाचे नाना म्हणतात, छे, तो बगळा आहे, चित्र पुरं झालंय. तू काय म्हणतोस?

बोल ना!

कापसाच्या जिनिंगच्या आणि सिनेमाच्या पाट्या रंगवणारे युसूफभाई, तुझे एकुलते एक दोस्त, सकाळीच दारात हजर. "अक्का, फिकर करू नका. भरून देतो मी. तासाभराचं काम. भाऊचं चित्र अधुरं टांगलं तर लोक हसतील." आत्ता ते नमाजाला गेलेत. आले की चित्रापुढे बसणार आहेत. तोवर मला ठरवायचंय, आणि मला काही म्हणता काही सुचत नाही.

हसतील, हे मात्र खरं. आजवर कमी हसले का? देश स्वतंत्र झाला त्याच साली तूही शाळेतली ड्रॉइंगमास्तरकी सोडून स्वतंत्र झालास, आणि निघालास सातपुड्यात, रंगांची पेटी नि पाण्याचा तांब्या घेऊन. माय धुळ्याहून आली की कपाळाला हात लावायची, "हाऊ बठ्ठा दिन झाडखाले बसस, याले पोरगी कोन दी?" दिवसभर झाडाखाली बसणाऱ्याला पोरगी दिली नाहीच कुणी. नवरा गेल्यावर मी तुझ्याकडे राहायला आले, म्हणून निदान वेळेवर भाकरी तरी मिळाली तुला.

तो कापडवाला आठवतो? "काय मास्तर, आज वाघ भेटला का मांजर?" भर बाजारात मी त्याला झाडला. आणि तू? तू हसत हसत त्यालाच रानकोंबडा कसा आरवतो ते करून दाखवत बसलास! माझ्या भांडणाची पार अब्रू घालवलीस.

मला चित्रातलं कळत नाही, पण तुझं थोडंफार कळायचं, असं मी समजत होते. तुझ्या पेटीत पांढरा रंग कधी नव्हताच. "अक्का, पांढरा कागदाचाच घ्यायचा, त्याला हात लावायचा नाही," म्हणायचास. बगळा काढायचा असला की बगळा सोडून बाकी सगळं रंगवायचास, आणि शेवटी बघावं तर बगळा उभा! मग हा बगळाच का? पण त्या बगळ्यांना तू चोच काढायचास, काडीसारखे पाय काढायचास. इथे तर काहीच नाही. म्हणजे अर्धवटच? पण कोपऱ्यात सही आहे तुझी! अर्धवट चित्रावर कुणी सही करतं? आणि तुझं काय सांगावं, लहर आली तर तू आधी सहीच करायचास. आता मी काय समजू?

पाण्याच्या रंगाला माघार नाही. युसूफभाईंचं चितळ एकदा उमटलं की उमटलं. आणि नाही उमटवलं, आणि चित्र खरंच अर्धवट असलं तर? भर वाचनालयात, तुझ्या नावाच्या डोक्यावर, भगदाड.

सातपुड्यातून हिवताप घेऊन आलास. तेव्हा तरी सांगायचंस! तापात बडबडलास, पण काय? वांग्याचं भरीत मागितलंस, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर. मी चूल पेटवून, वांगी भाजून करून आणलं, तोवर तुझी शुद्ध गेली होती. ते भरीत पुढे कुणी खाल्लं, टाकलं, मला आठवत नाही. फार राग येतो रे तुझा.

थांब, कडी वाजली. आले वाटतं.

संध्याकाळ झाली. काय झालं ते सांगते. युसूफभाईंनी तुझीच पेटी उघडली, तांबूस रंग कालवला. मी "करा" म्हणाले. हो, म्हणाले! तुला कुणी हसू नये, एवढंच डोक्यात होतं. त्यांनी ब्रश कागदापाशी नेला आणि थांबले. "अक्का, तोंड कुठे करू?"

"म्हणजे?"

"पाणी प्यायला येतंय, की पिऊन चाललंय?"

मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे. तुझ्या ताटात मीठ किती लागतं ते मला ठाऊक. तुझ्या ब्रशाचा केस न् केस त्यांना ठाऊक. पण हे दोघांनाही नाही. त्यांनी हात मागे घेतला. मग ब्रश धुतला, पुसला, पेटीत ठेवला, आणि एवढा दाढीवाला माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. मग मीही.

तर चित्र उद्या आहे तसं जाईल. बगळा की चितळ, मला अजून कळलेलं नाही. पण वचन देते, मी जिवंत आहे तोवर त्या जागेला कुणाचाही हात लागणार नाही. पहिल्या दिवशी मी स्वतः खाली खुर्ची टाकून बसेन. जो हसेल त्याची धडगत नाही. आणि कुणी नीट विचारलं, "अक्का, इथे काय आहे?" तर त्यालाही खरं तेच सांगेन. मला माहीत नाही, बाबा. माझ्या भावाला विचारायचं राहून गेलं.

तुझी,
अक्का