परत फिरणारे ठिपके

प्रिय धाकट्या,

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. काळा चष्मा लावून ती खिडकीत बसते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवते, म्हणजे दिसायला लागलंय. मी मजेत आहे असं तिला सांगितलंय. तुला तसं सांगवत नाही. बरेच दिवस झाले, घास तोंडात फिरतो. आजारी नाही रे मी, शिसारी आलीये. प्रयोगशाळेचा जिना चढायला लागले की पोटात ढवळतं. एसीचा कोंदट वास आणि त्यात आमच्या साहेबांचं अत्तर, हे मिश्रण नाकातून जातच नाही. घरी आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुते, तरी काहीतरी चिकटून राहिल्यासारखं वाटतं.

साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतो. त्यांच्या शर्टावर चुणी नसते आणि त्यांना आलेखातही चुणी खपत नाही. पूर्वी याचं हसू यायचं.

तू नेहमी चिडवायचास, की ताई दिवसभर पडद्यावर ठिपके पळवते आणि त्याचा पगार घेते. तर ऐक. तुम्हा अग्निशामकांच्या छातीवर बांधायची ती डबी म्हणजे छोटासा वायरलेस. तिला टॉवर लागत नाही. एक डबी जवळच्या डबीला ऐकवते, ती पुढच्या डबीला, असा निरोप हातोहात बाहेर उभ्या असलेल्या बंबापर्यंत पोचतो. बादल्यांची रांग लावतात तसं. फक्त त्या रांगेतली माणसं जागेवर उभी असतात आणि तुम्ही आत धावत असता. मधलाच कोणी बाजूला झाला तर पलीकडच्यांचा आवाज तिथेच मेला. म्हणून डब्या वापरण्याआधी माणसं कशी हलतात हे संगणकाला शिकवावं लागतं. ते माझं काम. पुस्तकी रीत अशी, की प्रत्येक ठिपका मनाला येईल ती जागा निवडतो, नाकासमोर चालत तिथे जातो, जरा थांबतो आणि दुसरी जागा निवडतो. धुराने भरलेल्या इमारतीत असं चालणारा माणूस मी तरी पाहिला नाही. मोकाट गुरंसुद्धा यापेक्षा विचार करून चालतात. म्हणून मी साहेबांच्या मागे लागले, की खऱ्या माणसांचं खरं चालणं टिपू या. त्यातूनच तुमच्या तुकडीची ती कवायत ठरली.

तुला ते बंद पडलेलं हॉटेल आठवत असेल. ओल धरलेले गालिचे, भिंतींना बुरशी, आणि धुराचं यंत्र सुरू झाल्यावर गोडसर, घशात अडकणारा तो वास. मी बाहेर पडद्यासमोर बसले होते. तुम्ही आत शिरलात आणि ठिपके कॉरिडॉरभर छान पसरले. साहेब मागून म्हणाले, "वा, वा." मग तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात तुमचा तो ढोल्या घसरला. एक ठिपका वळला. त्याच्यामागे दुसरा वळला, मग आणखी दोघं. बघता बघता सगळे त्या जिन्यापाशी गोळा झाले आणि टोकाच्या खोलीत गेलेले दोघं पडद्यावरून पुसले गेले. ते आत ओरडत होते आणि बाहेर आम्हाला चकार शब्द ऐकू येत नव्हता. सगळ्यात आधी वळलेला ठिपका तू होतास. ढोल्याला पाठीवर टाकून बाहेर आलास, हेल्मेट काढलंस आणि दम खात मला म्हणालास, "ताई, तुझी डबी मुकी झाली गं." लहानपणी शाळेच्या वाटेवर मागे राहिलेल्या प्रत्येकासाठी तू परत जायचास आणि तुझ्यापायी मलाही उशीर व्हायचा. तेव्हा तुझा कान पिळायचे. त्या दिवशी मात्र मला तुझा अभिमान वाटला आणि शास्त्रज्ञ म्हणून आनंदही झाला. डबी कुठे कमी पडते ते कळलं होतं. निरोप साठवून ठेवायचा, वाटेत जादा डब्या टाकत जायच्या, असे उपाय करता आले असते. वेळ लागला असता, एवढंच.

पुढच्या बैठकीत इस्त्रीसाहेबांनी नोंदी पडद्यावर लावल्या. तुझी वाट वेडीवाकडी, मागेपुढे गेलेली. ते म्हणाले, "हा कोण झिंगलेला ठिपका?" सगळे खो खो हसले. समोर क्रीमची बिस्किटं होती, तोंडात बिस्किटं घोळवत हसले. मी म्हटलं, "सर, तो माणूस जखमीला उचलायला परत गेला होता." तर रुमालाने बोटं पुसत ते म्हणाले, "बाई, परत फिरणं हे अपवादात्मक वर्तन आहे. अपवादांनी प्रारूप बिघडतं. काढून टाका." मी नाही म्हटलं. मग त्यांनी ते काम लंबूला दिलं.

लंबू माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. माझ्याच डब्यातलं खातो. त्याने तुमच्यातले परत फिरलेले सगळे ठिपके पुसले. कोण राहिलं? जे मागे वळून न बघता सरळ चालत गेले तेवढेच. त्या उरलेल्यांवरून त्याने शंभर बनावट माणसं चालवली, आणि जाळं कुठेच तुटलं नाही. तुटेल कसं? त्या शहाण्या जगात कोणी पडतच नाही आणि पडलं तर कोणी थांबत नाही. संध्याकाळी लंबू माझ्याकडे सरकून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस गं, सगळीकडे असंच चालतं." आणि माझ्या डब्यातली उरलेली पोळी उचलली. साहेबांचा राग येतो. या माणसाची मला किळस येते. त्याला सगळं कळत होतं.

मग ते प्रात्यक्षिक. मोठं सभागृह, डब्या बनवणाऱ्या कंपनीची माणसं, तुमच्या दलाचे मोठे साहेब पहिल्या रांगेत. भिंतीवर चकचकीत पोस्टर, त्यात एक अग्निशामक, गालाला काजळीचा ठिपकासुद्धा नाही, दात दाखवून हसतोय. पडद्यावर हिरवे ठिपके डौलात फिरत होते. टाळ्या पडल्या. मला बसवेना. मी उठले आणि म्हटलं, "यातली परत फिरलेली माणसं काढून टाकलीत. पूर्ण नोंदी माझ्याजवळ आहेत, पाच मिनिटं द्या, चालवून दाखवते." इस्त्रीसाहेब गोड हसले. माइकवर म्हणाले, "बाईंचा भाऊ याच दलात आहे. बहिणीचं काळीज आहे, आपण समजून घेऊ." लोक हळहळल्यासारखं हसले, कोणीतरी "अरेरे" म्हणालं आणि पुन्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला होत्या, धाकट्या. माझ्या मायेचं कौतुक! एवढं ओंगळ कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मी बाहेर पडले, बेसिनपाशी गेले आणि खरोखर ओकले.

थांबले नाही पण. दुसऱ्या दिवशी पूर्ण नोंदी घेऊन तुमच्या मोठ्या साहेबांच्या कचेरीत गेले. त्यांनी चहा मागवला, पडदा पाहिला, टोकाचे दोन ठिपके पुसले जातात तेही पाहिलं. "पण तज्ज्ञांचा दाखला आलाय," म्हणाले. मी म्हटलं, त्या दाखल्यावर सही करायला मीच नकार दिलाय. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "बघतो." ते बघायचे नाहीत. त्यांच्या टेबलावर त्या कंपनीचं पेपरवेट होतं, चकचकीत, तुमच्या डबीच्याच आकाराचं.

परत आले तर माझ्या खुर्चीवर लंबू बसलेला. मला ग्रंथालयात बदली दिली होती. मी तिथे गेले नाही. राजीनामा टाकला आणि कपाटातली छत्री तेवढी उचलून निघाले. आईला सुट्टीवर आहे असं सांगितलंय. तिच्या डोळ्याला सध्या पाणी नको. मैत्रिणीच्या महाविद्यालयात शिकवायचं काम मिळेल असं दिसतंय. तिथल्या प्रयोगशाळेत पंखा खडखडतो आणि संगणक रडतखडत चालतात, पण शिरले तेव्हा पोटात ढवळलं नाही. माझी काळजी करू नकोस.

आता हे सगळं लिहायला का बसले ते सांगते. काल आई खिडकीतून वळून कौतुकाने म्हणाली, "धाकट्याचा फोन आला होता. डब्या आल्या म्हणे त्यांच्या केंद्रावर. बाकीचे जरा कुरकुरत होते, तर हा म्हणाला, माझ्या ताईने केलेल्या आहेत, डोळे झाकून घाला. आता आत जाताना बाहेरच्यांना खूण द्यायला कमरेला तो लांब दोर बांधायची भानगडही संपली म्हणे." तुला लगेच फोन लावला, तर तू हसून म्हणालास, "ताई, तू उगाच घाबरतेस," आणि घंटा झाली म्हणून ठेवलास. म्हणून कागदावर लिहितेय. कागदाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही. धाकट्या, ती डबी माझी नाही. तिच्या कागदांवर माझी सही नाही. सरळ चालणाऱ्यांसाठी ती चांगली असेल, पण तू तसा नाहीस, तुझी तुकडीही तशी नाही, आणि तसे व्हा असं मी कुणालाच सांगणार नाही. माझ्या नावावर विसंबून जे दोर सोडतील त्यांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. ढोल्याला पुढे बसव. साहेब रागावले तर माझा पत्ता दे, मी येईन आणि केंद्राच्या अंगणात सगळ्यांसमोर ते ठिपके चालवून दाखवीन. तोपर्यंत छातीवर काय वाटेल ते लटकव, पण दोर बांधल्याशिवाय आत जाऊ नकोस.

तुझीच,
ताई