मागचा लाल दिवा

प्रिय तिन्के,

जत्रेच्या सायकल शर्यतीत मिळालेला पुष्पगुच्छ केव्हाच सुकला, तरी आईने तो खिडकीत ठेवलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमच्या जोरिनने तिन्केला हरवलं बरं का!" मला तिकडे बघवत नाही.

खरं सांगू? मी तुझ्यावर जळत होते. मोठ्या संघाने तुला घेतलं, ते मी कसंबसं गिळलं. पण ती नवी सायकल! तू नुसतं बटण दाबायचीस, बारीक झिर्र व्हायचं की गिअर बदललेला. माझ्या सायकलीच्या गिअरला अजून तारच. चिखलात अडकते, थंडीत बोटं बधिर झाली की खटका ओढवत नाही. त्यात तू सगळ्यांसमोर विचारलंस, "काय गं, आजीचं शिवणयंत्र चालतंय का अजून?" मीही हसले, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझे बाबा माझी तार बदलायला आले. पोरीसारखीच वागवतात मला. "तुझ्या सायकलीला निदान हात तरी लावता येतो," म्हणाले, "तिचं काय, बॅटरी चार्ज केली की माझं काम संपलं." माझ्या सायकलीपायी त्यांना घरी जायला उशीर झाला आणि तेवढं एकच काम राहून गेलं.

सकाळी शर्यत सुटण्याआधी मी तुझ्या मागेच उभी होते. तू गिअर बदलून पाहिलास आणि मागच्या चाकापाशी इवलासा लाल दिवा लुकलुकला, म्हणजे बॅटरी संपत आलेली. तो चालवणाऱ्याला दिसत नाही, मागच्याला दिसतो. तुमची गाडी दहा पावलांवर होती, तिच्यात जादा बॅटरी होती. एक हाक पुरली असती. मी बुटाचा पट्टा आवळत बसले.

शेवटच्या फेरीत दगडी चढावर तुझा गिअर जडच राहिला, हलेना. तू उतरून सायकल ढकलत होतीस आणि मी खट् खट् करत शेजारून गेले. तेव्हा मला फार बरं वाटलं, तेही सांगून टाकते.

काल तुझे बाबा बेकरीत भेटले. पाव घेऊन नुसतेच उभे होते. "सायकलीला हात लावू नका म्हणालीय," ते म्हणाले. "बरोबरच आहे तिचं. म्हातारा झालो, विसरलो." मला तिथेही तोंड उघडता आलं नाही, म्हणून हे लिहिलं. ते विसरले गं, मी तर बघत होते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण रविवारच्या शर्यतीआधी तो चार्जर त्यांच्या हातात दे.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
जोरिन