आबांनी तेलाच्या डब्यात बसवलेला गेम

आबा, काल बारामतीतल्या एका दुकानात विक्रेतीनं मला गेमचं नवं मशीन दाखवलं. स्टँडवर ठेवलं की खेळ टीव्हीवर. उचललं की तोच खेळ, तिथूनच पुढं, हातातल्या पडद्यावर. “घरातलं आणि बाहेरचं एकच, मॅडम. आता दोन-दोन घ्यायला नकोत,” ती म्हणाली, जणू माझं आयुष्य तेवढ्याच अडचणीपायी अडलं होतं. मी तिला तीन वेळा उचलून दाखवायला लावलं. चौथ्यांदा तिनं मॅनेजरकडं पाहिलं.

फार वर्षांपूर्वी भिगवणच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही हेच करत बसला होतात. धाकट्याला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलेलं, उशाशी आई आणि मी. त्याच्या हातात तो विटा रचायचा छोटा गेम दिला, तर म्हणाला, “ह्यो नगं. घरचा, टीव्हीवरचा पायजे.” तुम्ही टीव्ही दुरुस्त करणारे. गिऱ्हाइकालासुद्धा ‘जमत न्हाय’ कधी म्हटलं नाहीत, इथं तर पोटचं पोर. “त्यात काय अवघड हाय? दोन्हीचं एक करून आणतो,” म्हणालात आणि गेलात ते गेलातच. दुसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी येते, तर ओट्यावर तेलाचा पत्र्याचा डबा कापून ठेवलेला. त्यात घरच्या गेमचं पोट, वीतभर काळा-पांढरा टीव्ही, तळाला मोटारसायकलची बॅटरी. हातात धरून खेळायची ही वस्तू उचलायला दोन माणसं लागली असती.

“आबा, चला की दवाखान्यात. बाकीचं राहू द्या.”

“चित्र हलतंय गं. येवढं झालं की निघालोच.”

तिसऱ्या दिवशी तुम्ही डबा छातीशी धरून आलात. पत्र्यानं शर्ट फाटलेला. व्हरांड्यातच मला म्हणालात, “चालतंय बघ.” धाकट्याला जाऊन तास झाला होता. मी म्हणाले, “त्याला मशीन नको होतं. शेवटपर्यंत तुमालाच हाका मारत होता.” तुम्ही डबा खाली ठेवलात. पुढं दुकान उघडायचात, पण कुणी टीव्ही आणला की “माळेगावला न्या, तितं चांगला माणूस हाय” म्हणून परत पाठवायचात. लोकांना वाटलं, पोराच्या दुःखानं माणूस खचला. मी वाटू दिलं.

हे पत्र पाठवायचं नाही म्हणून लिहिता येतंय. त्यानं तुम्हाला एकदाही हाक मारली नव्हती, आबा. दाराकडं बघत आईला सांगत होता, “आबा आणणार हायत. मी हितंच खेळणार.” खुशीत होता. तीन दिवस उशाशी मी बसलेली, आणि तो वाट बघत होता तुमच्या डब्याची. तेच मला सोसलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं तुम्ही रोज माझ्यासमोर जेवायला बसलात. मी भाजी वाढली, भाकरी हवी का विचारलं, आणि हे तेवढं सांगितलं नाही.