नानांच्या दारातले अशोक

सुरत, रविवार

अक्का, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो,

मी बरा आहे. डबा चांगला मिळतो. आईला सांग, नर्सरीतलं काम सावलीतलं आहे. तिचा गुडघा कसा आहे?

दिपमालाची हळद ठरल्याचं कळलं. तिच्या बापानं, रुपचंदनानानं, मला दारात उभं करून गल्लीला ऐकवलं होतं, "जावई मना ह्या अशोकसारखा सरळ पाहिजे. ही वाकडी बाभूळ काय कामनी शे?" दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजात पाऊल ठेवलं नाही.

तर ऐक. नानाच्या दारातली ती सरळसोट झाडं अशोक नाहीतच! इथं त्यांना आसोपालव म्हणतात. खरा अशोक बुटका, पसरट, केशरी फुलांचा. शोक घालवतो म्हणून अशोक. लंकेत सीतामाई बसली ती त्याच्याच खाली. नाना इतकी वर्षं भलत्याच झाडांचा तोरा मिरवतोय.

खऱ्याचं रोप एसटीनं पाठवतोय. लग्नात आहेर पुकारतात तेव्हा तू माइकवर म्हण, "योगेंद्रकडून नानांना खरा अशोक, दारातले नकली आहेत म्हणून." बठ्ठा मांडव, झाडून सगळा, हसला पाहिजे.

तू म्हणशील, पोरीच्या लग्नात कशाला? माझी इज्जत गेली तेव्हा असं कोणी म्हटलं नाही.

फक्त बोलताना दिपमालाकडं बघू नकोस. तिनं मान वर केली, तर तुझ्याच्यानं पुढं बोलवणार नाही. माझ्याच्यानं तर मुळीच बोलवलं नसतं, म्हणून तुला सांगतोय.

तुझाच,
योगेंद्र